एकच तारीख, दोन रेकॉर्ड

आज दिवसभर एकच तारीख ऐकली : २१ डिसेंबर १९६०. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने 'फ्री जॅझ' हा अल्बम रेकॉर्ड केला. चार-चार वादकांचे दोन संच, एक डाव्या स्पीकरमध्ये, दुसरा उजव्या, आणि सलग ३७ मिनिटं. उजवीकडे बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी. याच डॉल्फीने त्याच दिवशी दुसऱ्या स्टुडिओत स्वतःचा 'फार क्राय' हा अल्बमही वाजवला! त्यात ब्लूज आहे, ड्रमर रॉय हेन्सचा स्विंग, म्हणजे झुलता ठेका आहे, सॅक्सवादक चार्ली पार्करला आदरांजली आहे.

फ्री, म्हणजे आधी ठरवलेल्या कॉर्डशिवाय (साथीच्या स्वरसमूहांशिवाय) वाजवलेला जॅझ, तेवढा ताजा, बाकीचं उगाळलेलं, असं बरेचदा ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. 'फ्री जॅझ'मधला फ्रेडी हबार्डचा ट्रम्पेट ऐका. आधी ठरवलेले कॉर्ड नाहीत, तरी तो बोलतो हार्ड बॉपचीच, म्हणजे ब्लूजमध्ये मुरलेल्या, कॉर्डवर चालणाऱ्या जॅझचीच भाषा. खाली ड्रमर बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल ठेका धरूनच आहेत. (हे दोघं मला या रेकॉर्डचा जीव वाटतात.) उलट 'फार क्राय'वर डॉल्फी 'टेंडरली' ही जुनी चाल साथीशिवाय, एकट्या आल्टो सॅक्सवर घेतो आणि पुढचा स्वर कुठे पडेल याचा अंदाजच लागत नाही. माझ्यासाठी आजचं सगळ्यात ताजं संगीत तेच होतं.

किंचाळणारा सॅक्स, विस्कटलेला ठेका, हेही आता साचेच झालेत की. अनेक फ्री रेकॉर्डवर पहिल्या मिनिटातच पुढचं सगळं कळतं.

दोन्ही पाठोपाठ ऐका, हेडफोन लावून. आधी 'फार क्राय'.