केळे झाडाचे की जमिनीचे?

इस्रायलच्या दक्षिणेकडील बेअर शेवा या शहरात संशोधनासाठी येऊन मला दोन वर्षे होत आली. माझ्या घरमालकीण आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या आहेत; जन्म अलिबागजवळचा, आणि १९६०च्या दशकात आईवडिलांबरोबर त्या इकडे आल्या. त्यांचे मराठी मात्र अजून अलिबागकडचेच आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला केळे दिले आणि स्वतःचे सोलून क्षणभर हातात तसेच धरून ठेवले. ओठ हलले, मग घास घेतला. त्या म्हणाल्या ती ‘बराखा’, म्हणजे खाण्याआधी म्हणायचे ईशस्तुतीचे वाक्य. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्या पिकाची वेगळी, आणि केळे दुसऱ्या प्रकारात मोडते. मी कारण विचारले. “अगो, घड उतरवला की केळ तोडतोच ना आपण? खोड राहत नाही, मग ते झाड कसले?” नियम प्राचीन ज्यू धर्मशास्त्राचा असला, तरी तो त्यांना वाडीतल्या केळीवरून कळला होता.

तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात दिवसाला शंभर बराखा सांगितल्या आहेत. भाकरीसाठी, सुगंधासाठी, वीज चमकल्यावर, एवढेच काय, शौचाहून आल्यावर शरीर नीट चालते आहे म्हणूनसुद्धा! ईश्वराविषयीच्या आदराला इथे ‘यिरअत शामायिम’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर स्वर्गाचे भय. आपल्याकडेही ‘देवाला भिऊन वागावे’ असे म्हणतात, आणि त्यातले भिणे मला नेहमी शिक्षेचे वाटत आले होते. परंतु बराखा न म्हणता जगातले काही उपभोगणे म्हणजे देवाच्या मालकीची वस्तू परस्पर घेणे होय, असे तालमूद सांगतो, आणि आजींच्या घरात ते भय मला याच रूपात दिसते: दुसऱ्याची वस्तू विचारल्यावाचून उचलू नये, इतके साधे आणि इतके कडक. प्रार्थनेचे पुस्तक हातातून निसटले तर त्या ते उचलून ओठांना लावतात. दाराच्या चौकटीवरील मझुझाला, म्हणजे धर्मवचनांचे चर्मपत्र असलेल्या छोट्या डबीला, बोटे लावून ती ओठांना टेकवतात, मग बाजारची पिशवी कितीही जड असो.

माझे वडील जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत. मी ते रोज पाहिले आणि कधीच पाहिले नाही. आमच्या घरी बायकांनी ते करण्याची रीत नव्हती, पण गेल्या महिन्यात आजींकडे जेवताना मी ताटाभोवती पाणी फिरवले आणि भाताची चार शिते बाजूला ठेवली. आजींचे हात धुऊन झाले होते. त्यानंतर बराखा म्हणून भाकरीचा घास घेईपर्यंत त्या बोलत नाहीत. भाकरीवर हात ठेवून, माझे आवरेपर्यंत त्या थांबल्या.