घरच्या बॅटरीचा वृत्तांत, भाग 3: टॅरिफ कोणतं घ्यावं?

मांडणी मागच्या भागातलीच. 10 युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, 3.6 किलोवॅटचा एसी-कपल्ड (घराच्या एसी वायरिंगला जोडलेला) इन्व्हर्टर, स्मार्ट मीटर, ठिकाण ब्रिटन. जोडणी झाली, ‘जी98’ या छोट्या जोडण्यांच्या नियमाखालची नोंदही नेटवर्क कंपनीकडे गेली (चालू केल्यापासून 28 दिवसांत कळवावं लागतं). राहिलं ते टॅरिफ, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या विजेच्या दरांची योजना. तुलनेच्या साइटवर सगळे आधी रात्रीचा दर बघतात. बॅटरीवाल्यानं आधी तास मोजावेत, दर मागून.

पहिलं काम म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचा डेटा उतरवून घेणं. पुरवठादाराच्या खात्यात मीटर रीडिंग ‘रोज एकदा’वर असेल तर ते ‘दर अर्ध्या तासाला’ करा. त्याशिवाय ही टॅरिफं चालूच होत नाहीत. जानेवारीतला एक साधा आठवडा घ्या, पाहुणे आलेला नको. आपल्या नमुन्याच्या घराचा थंडीतला दिवस 12 युनिटचा धरलाय: रात्री 12:30 ते 5:30 मध्ये 1.5, तिथून दुपारी 4 पर्यंत 5, 4 ते 7 मध्ये 3, आणि 7 ते 12:30 मध्ये 2.5. यात इन्व्हर्टरचा स्वतःचा खुराकही आलाच. 50 वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाचे 1.2 युनिट होतात.

आता घट. 10 पैकी 1 युनिट तळाला राखीव ठेवलं की वापरायला 9 उरतात. ते भरायला ग्रिडमधून साधारण 9.8 घ्यावे लागतात आणि घराला मिळतात 8.5. म्हणजे स्वस्त दराला सरळ 1.15 ने गुणायचं. 8 पेन्सचं युनिट बॅटरीतून बाहेर येतं तेव्हा 9.2 चं झालेलं असतं. कंपनीच्या माहितीपत्रकातला 95-96 टक्क्यांचा आकडा फक्त बॅटरीचा असतो, त्यात इन्व्हर्टरचे दोन फेरे धरलेले नसतात.

दोन ठरावीक साचे घेऊ. दर हिशेबापुरते धरलेत, तुमच्या भागाचे घालून पुन्हा मांडा. पहिला साचा विजेच्या गाडीवाल्यांचा: रात्री 12:30 ते 5:30 असे 5 तास 8 पेन्स, बाकी वेळ 28. दुसरा हीट पंपवाल्यांचा: पहाटे 4 ते 7, दुपारी 1 ते 4 आणि रात्री 10 ते 12 असे 8 तास 14 पेन्स, संध्याकाळी 4 ते 7 मध्ये 42, उरलेल्या वेळी 28.

10 युनिटच्या बॅटरीवर पहिल्या साच्यात रात्रीचे 1.5 आणि चार्जिंगचे 9.8 मिळून 11.3 युनिट 8 पेन्सनं, म्हणजे 90 पेन्स. घराला बाहेरच्या वेळात 10.5 लागतात, त्यातले 8.5 बॅटरी देते, उरलेले 2 युनिट 28 नं, 56 पेन्स. दिवसाचे झाले 1.46 पाउंड. दुसऱ्या साच्यात समजा 4 युनिट थेट स्वस्त तासांतच वापरले आणि 8 बॅटरीतून आले. ते 8 द्यायला 9.2 भरावे लागतात. सगळं 14 नं धरून दिवसाचे 1.85 पाउंड. इथपर्यंत पहिला साचा सरस.

बॅटरी निम्मी, 5 युनिटची करून बघा, पारडं फिरतं. पहिल्या साच्यात ती एकदाच भरते, 4.25 युनिट देते आणि दुपारनंतर घर 28 पेन्सवर येतं. खर्च 2.26 पाउंड. दुसऱ्या साच्यात तीच बॅटरी दिवसातून तीनदा भरता येते: सकाळचे 2.5 युनिट, संध्याकाळचे 4.25 आणि मध्यरात्रीनंतरचं 1 युनिट ती सहज उचलते. खर्च 1.88 पाउंड. म्हणजे छोट्या बॅटरीला तीन खिडक्या (स्वस्त तासांचे पट्टे), मोठीला एकच पण स्वस्त खिडकी. अर्थात पात्रतेची अट आधी वाचा. गाडीच्या टॅरिफला गाडी लागते.

ऑक्टोपस या वीज पुरवठादाराचं ‘अजाइल’ हे वेगळंच प्रकरण. याचे दर अर्ध्या-अर्ध्या तासाला बदलतात, दुसऱ्या दिवसाचे दर आदल्या दिवशी दुपारी 4 च्या सुमाराला जाहीर होतात. 4 ते 7 ला वरचा आकार लागतो, कमाल मर्यादा युनिटला 100 पेन्स आणि भरपूर वारा असलेल्या रात्री दर शून्याखालीही जातो. हाताने वेळापत्रक लावून हे जमत नाही. होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) प्रेडबॅट (दर बघून बॅटरीचं वेळापत्रक आपोआप लावणारी जोड) चालवायची तयारी असेल तरच या वाटेला जा. थंडीत वारा पडला की सलग काही दिवस स्वस्त खिडकीच मिळत नाही, तेव्हा बॅटरीचं काम एवढंच, 4 ते 7 ओलांडून देणं.

‘रात्री भरायची, दिवसा 15 पेन्सनं विकायची’ हा बेत सगळ्यांच्या मनात येतो. 15 वजा 9.2, सुटतात 5.8 पेन्स. आता झीज धरा: बॅटरी 3,000 पाउंडची, फेऱ्या 6,000, दर फेरीला 9 युनिट. युनिटमागे 5.6 पेन्स झाले. हातात काही राहत नाही. घरात वापरलेल्या युनिटवर मात्र झीज काढूनही 13 पेन्स सुटतात. छतावर पॅनल असतील तर गोष्ट निराळी: विक्रीचा दर 9.2 पेक्षा जास्त असेल तर उन्हाळ्यातही रात्री बॅटरी पूर्ण भरा आणि ऊन सगळं विका. कमी असेल तर बॅटरीत जागा ठेवा. स्वतः जोडलेल्या सिस्टिमला एमसीएस (अधिकृत इन्स्टॉलरकडून मिळणारं) प्रमाणपत्र नसतं आणि विक्रीच्या बहुतेक टॅरिफांना ते लागतं, हे लक्षात असू द्या.

भारतातल्या मित्रांची एक्सेल शीट इथं जशीच्या तशी वापरू नका. तिथं 2023 च्या नियमांनुसार सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचाय, म्हणजे स्वस्ताई दिवसा.

खिडकीत बॅटरी भरते का? कागदावर नेहमीच भरते. 3.6 किलोवॅटनं 9.8 युनिटला 2 तास 45 मिनिटं लागतात, शिवाय 95 टक्क्यांपुढे करंट उतरतो. तीन तासांच्या खिडकीत जेमतेम. पीएएस 63100 हे घरगुती बॅटरीच्या सुरक्षेचं ब्रिटिश मानक माळ्यावर बॅटरी ठेवू देत नाही, म्हणून ती गॅरेजात जाते, आणि एलएफपी सेल शून्य अंशाखाली चार्ज करायचे नसतात. 5-10 अंशांपासूनच बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) करंट कापायला लागतं. जानेवारीत पाच तासांची खिडकी हवी ती यासाठी.

सगळ्यात महागात पडते ती गाडी. रात्री चार्जर 7.4 किलोवॅट ओढतो, इन्व्हर्टरच्या सीटी क्लॅम्पला (केबलभोवती बसून करंट मोजणाऱ्या कड्याला) वाटतं घरच मागतंय, आणि तो 3.6 किलोवॅट गाडीत ओतत बसतो. ठरलेल्या खिडकीत डिस्चार्ज बंद ठेवला तर हे टळतं. पण ‘इंटेलिजेंट’ प्रकारची टॅरिफं गाडीला खिडकीबाहेरही वेळ देतात, तेव्हा टायमरला पत्ता नसतो. पक्का उपाय म्हणजे हेन्ली ब्लॉकनंतर (मीटरपुढे मुख्य केबलच्या शाखा काढणारी पेटी), फक्त घराकडे जाणाऱ्या केबलवर क्लॅम्प हलवणं. क्लॅम्पवरच्या बाणाची दिशा तपासा, उलटा बसला तर घर मागेल तेव्हा बॅटरी चार्ज होते. मेन फ्यूजही बघून घ्या: गाडी 32 अँपिअर, बॅटरी 16, इमर्शन (पाण्याच्या टाकीतला हीटर) 13, मिळून 61. जुन्या घरात फ्यूज 60 चा असू शकतो. त्यावर कुणी 9.5 किलोवॅटचा शॉवर लावला की शंभरी पार.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे-मागे होतात, तेव्हा इन्व्हर्टरचं घड्याळ आपसूक बदलेलच असं नाही. इकॉनॉमी 7 (रात्री 7 तास स्वस्त दराचं जुनं टॅरिफ) च्या जुन्या मीटरचं तर बहुधा बदलतच नाही, ते बारा महिने जीएमटीवर. 12:30 ते 7:30 ची खिडकी उन्हाळ्यात 1:30 ते 8:30 होते. घड्याळ 5 मिनिटं पुढे असेल तर रोज 0.3 युनिट 28 पेन्सनं भरतं. चार्जिंग खिडकी उघडल्यावर 5 मिनिटांनी सुरू आणि मिटण्याच्या 5 मिनिटं आधी बंद करा. नव्या टॅरिफवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात पुरवठादाराच्या अर्ध्या तासाच्या आकड्यांशी इन्व्हर्टरचे आकडे लावून बघा, 12:00 ते 12:30 च्या रकान्यात चार्जिंग दिसता कामा नये.