आमची वाटचाल: कोल्हापूरच्या राजारामपुरीतली ईआर-पीआर तपासणी

सुरुवातीला आम्ही लॅबमध्ये फक्त बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) आणि स्लाइड करायचो. ईआर-पीआरसाठी, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर आहेत का हे बघायला, ब्लॉक पुण्या-मुंबईला जायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत टॅमॉक्सिफेन हे हार्मोन अडवणारं औषध द्यायचं की नाही, हे अडून राहायचं. म्हणून आयएचसी (अँटीबॉडीनं रिसेप्टर रंगवून दाखवणारी तपासणी) इथंच सुरू केली. मशीन आणि अँटीबॉडी पैसे घातले की येतात. खरं काम निघालं ते टिश्यू लॅबमध्ये पोचण्याआधीचं.

गडहिंग्लज, चंदगड, कणकवलीकडून अख्खा स्तन न चिरता, अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून यायचा. टिश्यू टिकवणारं फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. वरचा थर पक्का व्हायचा, आतली गाठ मात्र मऊ पडलेली असायची. अशा गाठीत रिसेप्टर असले तरी रंग धरत नाहीत आणि खोट्या ‘निगेटिव्ह’मुळे त्या बाईचा हार्मोनचा उपचारच हुकतो.

मग रुंद तोंडाचे डबे आम्हीच भरून द्यायला लागलो. एका लिटरला १०० मिली तयार फॉर्मल्डिहाइड द्रावण (३७ ते ४० टक्क्यांचं), ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. टिश्यूच्या दहापट द्रावण हवं. गाठ काढल्यापासून तासाभरात ५ मिलिमीटरच्या चकत्या पाडून बुडवायची. फिक्सेशन (द्रावणात टिश्यू पक्का होणं) कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२. गाठ काढल्याची आणि द्रावणात बुडवल्याची, अशा दोन्ही वेळा डब्यावरच लिहायला जागा ठेवली आहे. थिएटरमधल्या सिस्टरनी ती भरली, की आमचं निम्मं काम झालं.

स्तनाच्या टिश्यूत चरबी फार. रिसेप्टरनी रंग धरावा म्हणून पीएच ९ च्या बफरमध्ये उकळताना सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) काचेवरून सुटतो, घडी पडते आणि घडीत रंग साचून खोटा गडद दिसतो. यावर उपाय म्हणजे ३ ते ४ मायक्रॉनचा सेक्शन, टिश्यू धरून ठेवणारी चार्ज्ड स्लाइड आणि ६० अंशांवर तासभर भाजणं. घाईत हे भाजणंच पहिलं कापलं जातं, ते आम्ही होऊ देत नाही.

मोजायचं ते फक्त न्यूक्लियसमधला तपकिरी रंग. २०१० पासून १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात. २०२० पासून ईआर १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहितो. निगेटिव्हवर सही करण्याआधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी दूधनलिका बघतो, कारण त्यांत रिसेप्टर असतातच. त्यांनीही रंग घेतला नसेल तर रिपोर्ट थांबवतो आणि दुसरा ब्लॉक लावतो. डॉक्टरांचे फोन येतात, तरीही थांबवतो.