कालव्याकाठची वाट आणि लेंदरबॉसची वाळू : आइंडहोवनहून ग्रॅव्हल सायकलवर

आइंडहोवनला नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्याभरात सायकल घेतोच. ती घेतो ऑफिसला आणि बाजाराला जायला. पुढे ग्रॅव्हल सायकल, म्हणजे मुरमाच्या-मातीच्या वाटांवर चालवायची जाड टायरची सायकल, घेतली तेव्हा मित्रमंडळींचा एकच प्रश्न होता : "अरे, इथे चढ कुठाय? कशाला एवढा खर्च?" प्रश्न रास्त होता. पुण्यात असताना सिंहगडाचा चढ म्हणजेच सायकलिंग अशी माझीही समजूत होती. पण नेदरलँड्सचा हा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडचा बेल्जियमचा केंपन प्रदेश सायकलवाल्याला वेगळ्या तऱ्हेने दमवतो. सपाट जमीन, पाइनची रानं, लहान लहान नद्या, सरळसोट कालवे आणि या सगळ्याच्या तळाशी वाळू.

रस्ता शोधणं इथे सोपं वाटतं, कारण चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या आहेत. 34 वरून 51 ला जा, तिथून 7 ला, असे आकडे कागदावर लिहून घेतले की दिवसभर नकाशा उघडावा लागत नाही. ही पद्धत 1995 मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतात सुरू झाली. ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याच्या डोक्यातून ती निघाली. खाणीतल्या बोगद्यांच्या जोडावर नंबर असतात, तेच त्याने जमिनीवर आणलं. घरच्यांना घेऊन फिरायला यासारखी सोय नाही. मात्र या पाट्या तुम्हाला बहुतेक वेळ गुळगुळीत सायकल-मार्गावरूनच नेतात. मुरमाची आणि मातीची वाट हवी असेल तर रेघ स्वतःच ओढावी लागते.

ती ओढताना मी आधी कोमूट या रस्ते आखायच्या अ‍ॅपवर रस्त्याचा पृष्ठभाग पाहतो, मग स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर त्या वाटेने सायकली खरोखर जातात का ते. तरी नकाशाला एक गोष्ट सांगता येत नाही. 'कच्चा रस्ता' म्हणजे घट्ट बसलेली माती की घोट्यापर्यंत रुतणारी वाळू, हे गेल्या आठवड्याच्या पावसावर ठरतं. आपल्याकडे पाऊस पडला की काळ्या मातीच्या वाटेवर चाक फिरेनासं होतं, चिखल मडगार्डमध्ये अडकतो आणि सायकल खांद्यावर येते. इथे सगळं उलटं. पंधरा दिवस कोरडे गेले की वाळू सुटी होते. पाऊस पडून गेला की तीच वाट दाबून बसवल्यासारखी घट्ट. म्हणून लख्ख उन्हाचा रविवार बघून मी निघत नाही. शनिवारी चांगला पाऊस झाला असेल तर रविवारी सकाळी निघतो.

टायरबद्दल दुकानदाराशी बराच वाद घातला. मला 38 मिलिमीटरचे हवे होते, पळायला हलके म्हणून. तो म्हणाला, दक्षिणेला जाणार असशील तर 45 च घे आणि हवा कमी ठेव. आता आत ट्यूब नसलेल्या (ट्यूबलेस) 45 मध्ये पुढे-मागे दोन बारच्या आसपास हवा ठेवतो. डांबरावर थोडं जड जातं खरं, पण रानात त्याची भरपाई होते.

वाऱ्याचा हिशोब मात्र कोणी शिकवला नाही. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि कालव्यावर त्याला अडवायला काही नसतं. म्हणून माझी फेरी अशी आखली : आइंडहोवनहून नैर्ऋत्येला बेर्गाइककडून बेल्जियममध्ये लॉमेल, तिथून कालव्याने पूर्वेला, मग उत्तरेला वळून लेंदरबॉसच्या रानातून घरी. वारा अंगावर घ्यायचा तो ताज्या पायांनी आणि शक्य तिथे झाडांच्या आडोशाने, कालव्यावर तो पाठीशी, आणि शेवटी दमल्यावर दोन्ही बाजूंना पाइन. साधारण 75 ते 80 किलोमीटर होतात.

शहरातून बाहेर पडताना काही वेळ डॉमेल नदी सोबत असते. नदी म्हणायची, पण रुंदी आपल्या ओढ्याएवढी. पुढे वॉलरेनंतर शेतं आणि रानाचे तुकडे आलटून पालटून येतात. या भागात मे ते जुलै ओकच्या झाडाला सायकल टेकवून खाली बसू नये. ओकवर एक केसाळ सुरवंट रांगेने फिरतो. त्याचे बारीक केस वाऱ्यावर उडून कातडीला लागले तर दिवसचे दिवस खाज जात नाही. झाडाला पट्टी बांधलेली किंवा पाटी लावलेली दिसली तर समजून घ्यायचं.

लॉमेलजवळ 'सहारा' आहे. नाव गमतीचं, पण मागची गोष्ट गमतीची नाही. जवळच्या जस्ताच्या कारखान्याच्या धुराने इथली झाडी जळाली, पुढे काचेसाठी वाळू उपसली गेली आणि उघडं रान उरलं. वाळू उडू नये म्हणून भोवती पाइन लावले. आज मधल्या खड्ड्यांत निळं पाणी आहे आणि पांढऱ्या वाळूत मुलं पळतात. इथे सायकल हाकायचा हट्ट करू नये. कडेच्या वाटेने जावं.

मग कालवा लागतो. बोखोल्ट ते हेरेंटाल्स हा सुमारे 60 किलोमीटरचा कालवा 1840 च्या दशकात खणला, तो जहाजांसाठी आणि तितकाच सिंचनासाठी. केंपनची जमीन नापीक, नुसती वाळू. मास नदीच्या पाण्यात चुना असतो, ते पाणी या वाळूवर फिरवलं तर गवत येतं, असा हिशोब होता. कालव्यातून निघालेले चर उंचावरून नेलेले असतात. त्यांतून पाणी काठावरून सांडून कुरणभर पातळ पसरतं आणि खालच्या चरांत गोळा होऊन निघून जातं. लॉमेल आणि पेल्टच्या बाजूला अशी काही कुरणं अजून टिकवली आहेत. मी धुळ्याकडचा. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे शेतांच्या पट्ट्यांत, बंधाऱ्याचं पाणी पाटाने फिरवणारा पाटकरी लहानपणापासून पाहिलेला. एका चराच्या तोंडाशी लाकडी फळी दिसली, वर-खाली सरकणारी, कडांना शेवाळ धरलेली. तिच्याजवळ सायकल उभी करून बराच वेळ पाणी कुठून कुठे जातं ते बघत बसलो. सोबतचा डच सहकारी वैतागला. त्याला त्यात पाहण्यासारखं काहीच दिसेना.

काठाची मुख्य वाट बऱ्याच ठिकाणी काँक्रीटची किंवा डांबराची आहे. पूर्वी इथून घोडे नावा ओढायचे. आता मालवाहू बोटी इंजिनावर जातात आणि पाठीशी वारा असला की त्यांना सहज मागे टाकता येतं. पण तासभर सरळ रेषेत चालवणं कंटाळवाणंच होतं, ते सुंदर आहे म्हणून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पेल्टहून उत्तरेला वळलं की आखेलसे क्लाउस हा जुना मठ येतो, बरोबर सीमेवर. 1686 मध्ये इथे एकांतवासी साधकांची वस्ती झाली, पुढे तिचा मठ झाला. सीमा ओलांडल्याचं आज कळतही नाही. पहिल्या महायुद्धात मात्र जर्मनांनी याच सीमेवर 2000 व्होल्टची विजेची तार ओढली होती, बेल्जियममधून कोणी तटस्थ नेदरलँड्समध्ये पळू नये म्हणून. तिची प्रतिकृती मठाजवळ उभी आहे. पाणी भरून घ्यायला आणि काही खायला हा थांबा सोयीचा. यापुढे बराच वेळ काही मिळत नाही.

मठाजवळून वाहणारा ओढा बेल्जियममध्ये वार्मबेक आणि नेदरलँड्समध्ये टाँगेलरेप. पुढे तो आइंडहोवनमध्ये डॉमेलला मिळतो, म्हणजे इथून घरापर्यंत पाणी आणि आपण एकाच दिशेला. फरक इतकाच की आपल्याला लेंदरबॉस पार करायचं असतं. हे सरकारी वनखात्याचं, म्हणजे स्टाट्सबॉसबेहेरचं रान. वाटेच्या तोंडाशी पाटी असते : प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त, आखलेल्या वाटांवरच. ती प्रत्येक वेळी वाचावी, सायकलला कोणती वाट मोकळी आहे हे जागोजागी बदलतं. घोड्यांची वाट सायकलची नसते. टापांनी उकरलेल्या वाळूत तशीही सायकल चालत नाही. घोडेस्वार समोर आला तर वेग कमी करून आधीच मोठ्याने "खुडेमिडाख" (शुभ दुपार) म्हणायचं, घोडा बुजत नाही.

सुटी वाळू लागली की वजन मागे, हलका गिअर, पाय भरभर, हात सैल. पुढचं चाक जिकडे तिकडे पळतं, त्याला थोडं पळू द्यावं. ब्रेक दाबला की संपलं. आणि नाहीच जमलं तर उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. इथले मुरलेले सायकलवालेही ढकलतात.

घरी आल्यावर चेन पुसण्याआधी अंग तपासायचं. गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत गोचीड बसलेली सापडते, तिळाएवढी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही, आणि तारीख लिहून ठेवायची. पुढच्या आठवड्यांत तिथे लाल कडं पसरायला लागलं तर डॉक्टरला फोन करायचा, तो लाइम आजार असू शकतो. चेनमधली वाळू तोवर थांबते.