थर कोण ठरवतं?

'द्विस्तरी' (भ्रूणात पेशींचे दोन थर असलेले) आणि 'त्रिस्तरी' (तीन थर असलेले) हे प्राण्यांच्या वर्गीकरणातले शब्द परीक्षेत एखाद्या गुणापुरतेच येत. आमच्या विज्ञानाच्या बाई मात्र तिथे थांबल्या. भ्रूणाच्या बाह्यस्तरापासून त्वचा आणि मेंदू, मध्यस्तरापासून स्नायू, हाडं, रक्त आणि अंतःस्तरापासून आतड्याचं, फुप्फुसांचं अस्तर, असं फळ्यावर लिहून त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न केला, "कशावरून?" आज मी झेब्रामाशाच्या भ्रूणांवर संशोधन करतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा बाईंना त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं असंच वाटलं.

सुरुवात हिल्डे मँगोल्डपासून करायला हवी. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये, हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत, तिने न्यूट या उभयचराच्या भ्रूणातला एक इवलासा तुकडा कापून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा, पोटाला पोट लागलेल्या जुळ्यासारखा भ्रूण उभा राहिला. तो बसवलेल्या तुकड्याचाच वाढलेला नव्हता कशावरून? तिने मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोन जाती घेतल्या होत्या. रंगावरून स्पष्ट दिसलं, की नव्या मज्जासंस्थेच्या बहुतेक पेशी यजमानाच्या, म्हणजे ज्याला तुकडा बसवला त्या भ्रूणाच्या होत्या. म्हणजे तुकड्याने शेजाऱ्यांना वळवलं होतं. १९२४ साली हा शोधनिबंध आला आणि त्याच वर्षी स्टोव्हच्या भडक्यात भाजून ती गेली. वय अवघं २५. श्पेमान यांना १९३५चं नोबेल मिळालं. तिचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मध्यस्तर कशामुळे तयार होतो, हे कोडं १९६९ मध्ये नेदरलँड्सच्या पीटर न्यूकोप यांनी सोडवलं. ॲक्सोलॉटल या उभयचराच्या भ्रूणाचा वरचा भाग एकटा वाढवला तर बाह्यस्तरच होतो, खालचा बलकाचा भाग एकटा वाढवला तर अंतःस्तर. दोन्ही चिकटवून ठेवले, की वरच्या भागातल्या पेशींपासून मध्यस्तर तयार होतो. खालून काहीतरी निरोप येतो, हे नक्की झालं.

तो निरोप मुख्यतः 'नोडल' कुळातल्या प्रथिनांचा. बेडकाच्या अंड्यात आईने 'व्हेगटी' या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या सूचनेची प्रत, तळाशी आधीच ठेवलेला असतो. त्यातून तळाच्या पेशींत नोडलची जनुकं चालू होतात. नोडल पेशीबाहेर पडतं, शेजारच्या पेशीच्या ग्राहीवर (संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर) बसतं आणि त्या पेशीतली 'स्मॅड' प्रथिनं केंद्रकात जाऊन नवी जनुकं जागी करतात. यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट मात्रेची. संकेत जास्त मिळाला, तर 'सॉक्स१७' चालू होऊन पेशी अंतःस्तराकडे जाते. कमी मिळाला, तर 'ब्रॅकियुरी' चालू होऊन मध्यस्तराकडे. मिळालाच नाही, तर बाह्यस्तर. नोडल 'लेफ्टी' हा स्वतःचाच लगामही तयार करवतं, त्यामुळे निरोप वाटेल तिथवर पसरत नाही. निरोप नोडलचाच, हे कशावरून? १९९८ मध्ये 'स्क्विंट' आणि 'सायक्लॉप्स' ही नोडलची दोन्ही जनुकं बिघडलेले झेब्रामाशाचे भ्रूण तपासले गेले. त्यांत अंतःस्तर नव्हता आणि डोक्या-धडाचा मध्यस्तरही नव्हता. शेपटीकडचे थोडे स्नायू तेवढे होते.

मँगोल्डच्या तुकड्याचं रहस्यही १९९०च्या दशकात उलगडलं. तो 'नॉगिन', 'कॉर्डिन' अशी प्रथिनं सोडतो आणि ती बीएमपी या दुसऱ्या संकेताला अडवतात. बीएमपी पोहोचला तर बाह्यस्तराची त्वचा होते, अडवला गेला तर मज्जासंस्था. आपला मेंदू एका निरोपाला दार बंद केल्यामुळे घडतो, हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पुण्यात शिकताना कळलं, की ही परंपरा आपल्याकडेही आहे. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरा इथे भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम केलं आणि पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणांवरच्या संशोधनाचा पाया घातला.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी एक स्टिरिओ मायक्रोस्कोप पाठवतो आहे. मत्स्यालयाच्या दुकानात झेब्रामासे सहज मिळतात. नर-मादी रात्री वेगळे ठेवा आणि सकाळी प्रार्थनेच्या सुमारास एकत्र सोडा. उजेड झाला, की ते अंडी घालतात. टाकीच्या तळाशी गोट्या पसरायला विसरू नका, नाहीतर मासे स्वतःचीच अंडी खातात. अंडी पारदर्शक असतात. दुपारी, साधारण सहा तासांनी, काठावरच्या पेशी आत वळून थर लावू लागलेल्या असतील. नववी-दहावीच्या मुलांना त्या वेळी मायक्रोस्कोपपाशी बसू द्यावं, एवढीच शिक्षकांना विनंती.