बांबूचा ऑर्गन

वेंगुर्ले, आषाढ, रविवार रात्र

दुपारपासून लाईट नाही. मोबाईलमध्ये उरलेली सगळी चार्जिंग बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा पाइप ऑर्गन, म्हणजे चर्चमधलं नळ्यांचं मोठं वाद्य, ऐकण्यात संपवली.

हे वेड लागलं दशावतारातल्या पायपेटीमुळे. जत्रेत सगळी पोरं संकासुराकडे बघायची आणि मी पेटीमास्तरांच्या पायांकडे. एक पाय खाली, एक वर. युद्धाचा प्रसंग आला की भाता असा चालायचा की अख्खी पेटी हलायची. पायपेटीत पितळी पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र थेट पाव्याच्या जातीच्या. हवा फटीतून येते, ओठाच्या धारेवर आपटते आणि नळीतली हवा गाऊ लागते. मोठ्या ऑर्गनांत सगळ्यांत खोल सुराची नळी ३२ फुटांची असते, आमच्या परसातल्या माडाएवढी. सेकंदाला जेमतेम १६ कंपनं. तो सूर कानापेक्षा अंगाला कळतो, हेडफोनमधून तो काय मिळणार!

मला खरी भुरळ पडते ती ऑर्गनमधल्या हवेच्या स्थिरपणाची. पायपेटीवर पायाचा जोर बदलला की सूर लहानमोठा होतो. इथे पट्टी हलकेच दाबा नाहीतर ठोकून, आवाज तेवढाच, आणि बोट उचलेपर्यंत तसाच उभा. मग वादकाच्या हातात राहतं ते बोट कधी उचलायचं एवढंच. बाखच्या फ्यूग या प्रकारच्या रचनेत तीन-चार सुरावटी एकमेकींत घुसतात, तरी प्रत्येक वेगळी ऐकू येते ती बरीचशी या उचलण्यामुळे. आज एकच तुकडा पुन्हापुन्हा लावला आणि सूर कुठे सुटतोय तेवढंच ऐकत राहिले. किती बारीक काम आहे ते!

आणि लास पिन्यास. फिलिपिन्समधल्या या गावी फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात चर्चसाठी ऑर्गन बांधला. नळ्या १,०३१, त्यांतल्या ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून तोडलेला बांबू त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता. आमच्याकडे बांबू पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामुळे हे वाचताना तो माणूस एकदम आपल्या गावचाच वाटला. १९७३ साली हा ऑर्गन सुटा करून दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला नेला. तिथल्या कोरड्या हवेत बांबू तडकू नये म्हणून कारखान्यात फिलिपिन्ससारखी दमट हवा मुद्दाम तयार केली होती. आपल्याकडे दमट हवा म्हणजे वाद्याची वैरीण. पावसाळ्यात पेटीच्या बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगतात, भात्याला बुरशी धरते. आणि इथे एका वाद्याला जगवायला तीच हवा हवी!

नेदरलँड्समधल्या हार्लेमचा १७३८ सालचा ऑर्गन मोत्झार्टने दहा वर्षांचा असताना वाजवला होता. तोही ऐकायचाय, पण आधी लास पिन्यास. तिकिटासाठी पैसे बाजूला टाकायला लागलेय.