आधी श्वास सोडा

धाप लागलेल्या माणसाभोवती जमलेले सगळे एकच सांगतात, "मोठा श्वास घे." नातेवाईक सांगतात, शेजारी सांगतात, वॉर्डातल्या मावशीही सांगतात. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकाराच्या रुग्णाला असं सांगणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतायला लावणं. त्याच्या फुप्फुसात हवा कमी नसते, अडकलेली असते. श्वास सोडताना बारीक श्वासनळ्या मिटतात, जुनी हवा आतच राहते आणि नवीला जागा उरत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे मी रोज समजावून सांगते. पण ते किती ताकदीनं शिकवता येतं, हे मी चेंगदूत पाहिलं.

चेंगदू ही सिचुआन प्रांताची राजधानी. तिथल्या पारंपरिक चिनी वैद्यकाच्या एका रुग्णालयात, श्वसन-पुनर्वसन विभागात मी काही काळ शिकायला होते. तिथे हिवाळ्यात ऊन क्वचितच पडतं, हवा सतत ओलसर. अंगात साचलेला हा ओलावा मिरची आणि हुआजियाव खाऊन बाहेर काढायचा, असं तिथे डॉक्टरांपासून खानावळवाल्यापर्यंत सगळे मानतात. हुआजियाव हा आपल्या तिरफळाचा भाऊबंद. पहिल्याच घासाला जीभ बधिरली आणि मला बांगड्याचं तिखलं आठवलं.

आमच्या शिक्षकांना सगळे नुसतं लाओशी म्हणत. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक आजोबा बसले होते. यंत्रकारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, उभ्या आयुष्यात सिगारेट न सुटलेले. लाओशींनी त्यांची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. मग शेजारच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला इंग्रजीत सांगितलं: फुप्फुस हे श्वासाचं स्वामी, पण श्वासाचं मूळ मूत्रपिंडात, मूत्रपिंड दुबळं झालं की श्वास खाली धरून ठेवता येत नाही.

मूत्रपिंड श्वास धरतं, हे मला पटत नाही. पण श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याचे, दोन भक्कम पाय कमरेच्या वरच्या मणक्यांना बांधलेले असतात, मूत्रपिंडांच्या अगदी शेजारी. धापेचा रुग्ण मान आणि खांदे उचलून उचलून श्वास ओढत असतो. त्याचं लक्ष कमरेकडे नेलं की खांदे आपोआप खाली येतात. लाओशींचा नकाशा माझ्या नकाशाशी जुळत नव्हता, पण त्यांचा हात योग्य जागी पडत होता.

मग आजोबांची सहा मिनिटं चालण्याची चाचणी सुरू झाली. अर्ध्या वाटेतच ते थांबले. गुडघ्यांवर हात टेकले, ओठ निळसर झाले, डोळ्यांत भीती. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या यंत्रात 84 टक्के. नर्सनं ऑक्सिजनची नळी नाकाला लावली, पण घाबरलेला माणूस नळीतून आलेलं तरी कसं घेणार? ते हवा गिळल्यासारखी आत ओढत होते. मी श्वास मोजले, मिनिटाला 36.

लाओशी त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "शांत व्हा" म्हणाले नाहीत, "श्वास घ्या" तर नाहीच. त्यांनी स्वतःच दात हलके मिटून "स्स्स्" असा लांब आवाज काढायला सुरुवात केली. संपला की नाकानं सहज श्वास, पुन्हा "स्स्स्". बाकावर बसलेल्या दोन आजीबाई त्यात सामील झाल्या, मग नर्स, मग मीही. अख्ख्या बोळात तो एकच आवाज. थोड्या वेळानं आजोबांचा तुटक "स्स्" ऐकू आला, मग जरा लांब, मग आणखी लांब. आकडा 90 वर आला. अशा रुग्णाला 88 ते 92 पुरे असतात. श्वास 22 वर उतरला होता. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

छिगोंग म्हणजे श्वास आणि संथ हालचालींची चिनी साधना. तिच्या लिउझीज्युए या प्रकारातला तो फुप्फुसाचा आवाज. असे सहा: श्यू यकृताचा, ह हृदयाचा, हू प्लीहेचा, स्स् फुप्फुसाचा, छ्वेइ मूत्रपिंडाचा आणि शी 'तिहेरी शेगडी'चा, म्हणजे धडाच्या तिन्ही भागांचा. ताओ होंगजिंग (456–536) यांच्या नावावरच्या ग्रंथात याचं सूत्र आहे: श्वास आत घेण्याची रीत एक, सोडण्याच्या सहा. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सगळी मेहनत श्वास सोडण्यावर घेतली होती! दात-ओठांच्या फटीतून हवा सोडली की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या चटकन मिटत नाहीत. आपण ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवतो त्यामागचं शास्त्र हेच. आवाजाचा फायदा असा की श्वास किती लांबला ते रुग्णाला स्वतःलाच ऐकू येतं. आकडे मोजावे लागत नाहीत.

छिगोंगच्या नावावर काय काय खपवलं गेलं, हेही लाओशींनी दुपारी सांगितलं. 1950 च्या दशकात लिउ गुइझेन यांनी बेइदाइहेच्या आरोग्यधामात त्याला उपचाराचं रूप दिलं. सांस्कृतिक क्रांतीत ते दडपलं गेलं. 1980 च्या दशकात लाट आली ती दुरून 'छी', म्हणजे प्राणशक्ती, सोडून रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या गुरूंची. 2003 मध्ये सरकारी क्रीडा खात्यानं लिउझीज्युए, बादुआनजिन, वूछिनशी आणि यीजिनजिंग हे चार प्रकार ठरावीक रूपात आणले. मला लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद आठवले. 1924 मध्ये कैवल्यधाम काढून त्यांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. परंपरेवर प्रेम असेल तर ती मोजून पाहायला घाबरायचं कशाला? सीओपीडीवर लिउझीज्युएच्या चाचण्या चीनमध्ये झाल्या आहेत. बऱ्याचशा लहान आहेत, मोठ्या व्हायला हव्यात.

संध्याकाळी आजोबा खुशीत होते. आता औषध ओढायचा पंप बंद केला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. लाओशींचा चेहरा कडक झाला. पंप त्यांच्या हातात ठेवून ते म्हणाले, "आधी हा. मग थोडं थांबायचं. मग आवाज."

सांगली जिल्ह्यातल्या माझ्या रुग्णांमध्ये सिगारेट ओढणारे कमी, चुलीपुढे जन्म घालवलेल्या बायका जास्त. फुप्फुसं धुरानं गेली, पण फुंकणीनं लांब फुंकर घालायचं कसब अंगात अजून आहे. त्यांना मी फुंकणीचीच आठवण देते. पंप घेऊन झाला की आम्ही गोलात बसतो आणि आधी मी "हू" सुरू करते. नव्या बाईसोबत आलेला मुलगा बहुधा मागून ओरडतोच, "आई, मोठा श्वास घे!" त्याला मी आमच्यात बसवून घेते आणि त्याच्याकडूनही तो आवाज काढून घेते. घरी रात्री आईला धाप लागेल तेव्हा शेजारी तोच असणार आहे.